डाय तीच, सेटिंग तेच, तरी बोल्ट घट्ट का? .३०८ च्या पुंगळ्या आणि न ऐकणारा खांदा

.३०८ रायफलीसाठी घरी काडतुसं भरणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची पितळी कवचं) साफ केल्या, वंगण लावलं, साइझिंग डायमधून (त्यांना पुन्हा मापात आवळणाऱ्या साच्यातून) काढल्या, काडतुसं भरली. रेंजवर गेल्यावर वीसातली पाच-सहा अशी निघतात की बोल्टची मूठ खाली आणताना तळव्यानं दाबावं लागतं. घरी येऊन डाय जराशी खाली फिरवली की पुढची खेप गुळगुळीत जाते. दोन-तीन वेळा त्याच पुंगळ्या वापरल्या की दुखणं पुन्हा हजर. मग डाय आणखी खाली, आणि असं करत करत एक दिवस पुंगळीच्या बुडाजवळ चकचकीत कडं दिसायला लागतं.

गेल्या हिवाळ्यात टेक्सासमधल्या एका मित्राचा नेमका याच गोष्टीसाठी फोन आला. "दादा, डाय झिजली असेल का? नवीन घेऊ?" मी म्हटलं, पैसे राहू दे खिशात, आधी मला तीन आकडे सांग: उडालेल्या पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) बुडापासून किती अंतरावर, साइझ केलेलीचा किती, आणि अशा दहा पुंगळ्यांत फरक किती. त्याच्याकडे एकही आकडा नव्हता. मीही पहिली दोन वर्षं असाच, हाताच्या अंदाजानं डाय फिरवत होतो, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्वतःच्या रायफलीसाठी स्वतः काडतुसं भरणाऱ्यांसाठी आहे. इथे स्वतःच्या वापरापुरती भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची झाली तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे माहितीपुरतं वाचावं. दारूचं वजन आणि गोळीची निवड यांबद्दल इथे एक अक्षरही नाही. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं. हा लेख फक्त पितळेबद्दल आहे.

पुंगळीला आपण मान, खांदा, अंग आणि बूड म्हणू. .३०८ विंचेस्टर चेंबरमध्ये बसते ती खांद्यावर. खांद्याचा वीस अंशांचा उतार चेंबरच्या उताराला टेकतो आणि बूड बोल्टच्या तोंडाला. या दोन टेकूंमधलं अंतर म्हणजे हेडस्पेस. अमेरिकी उद्योगाच्या मानकाप्रमाणे .३०८ चा 'गो' गेज (ज्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे) १.६३० इंचांचा असतो आणि 'नो-गो' (ज्यावर तो बंद होता कामा नये) १.६३४ चा. म्हणजे चांगल्या चेंबरची सगळी ऊठबस चार थाऊंमध्ये चालते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवर काम केलेल्यांना हा शब्द सांगायला नको.

गोळी सुटते तेव्हा आत ६२,००० पाउंड प्रति चौरस इंचापर्यंत दाब जाऊ शकतो. पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि दाब उतरल्यावर थोडंसं आत येतं. उडालेली पुंगळी म्हणजे तुमच्या चेंबरचा जवळजवळ ठसा. साइझिंगचं काम एवढंच की अंग थोडं आवळायचं, मान गोळी धरेल इतकी बारीक करायची आणि खांदा अगदी थोडा मागे सारायचा. हातानं चालवायच्या बोल्टच्या रायफलीला एक ते दोन थाऊ पुरतात. सेमी-ऑटोला तीन ते चार द्यावेत, कारण तिथे बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर बंद होतो आणि त्याचा घट्टपणा तुमच्या हाताला कळत नाही.

आता हे दोन थाऊ डायवर किती फिरवले म्हणजे मिळतात? डायचे आटे सात अष्टमांश इंचाचे, इंचाला चौदा. एक पूर्ण फेरा म्हणजे जवळपास एकाहत्तर थाऊ. एक थाऊ म्हणजे पाच अंश. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो ते अंतर सहा अंशांचं, म्हणजे सव्वा थाऊच्या आसपास. "जराशी खाली फिरवली" म्हणणारा माणूस बहुधा एक अष्टमांश फेरा देतो. तो झाला नऊ थाऊ! दोनच्या जागी नऊ. म्हणून मोजल्याशिवाय डायला हात लावू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायला कॅलिपरच्या जबड्यावर बसणारा कंपॅरेटर लागतो. .३०८ साठी ०.४०० इंच भोकाचा इन्सर्ट. तो दाखवतो तो आकडा गेजच्या १.६३० शी जुळवत बसू नका. तो फक्त तुमच्याच दोन पुंगळ्यांतला फरक सांगतो आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढल्याशिवाय मोजायचं नाही. उडालेल्या प्रायमरचा काठ बुडाच्या वर दोन थाऊ जरी आलेला असला तरी सगळा हिशेब कोसळतो, आणि माणूस दिवसभर डायला दोष देत बसतो. मी निव्वळ प्रायमर काढणारी वेगळी डाय ठेवली आहे. आधी प्रायमर काढायचे, मग धुणं, मग मोजणं.

आणखी एक. एकदाच उडालेल्या पुंगळीवरून चेंबरचा आकडा ठरवू नका. नवं पितळ पहिल्या बारात पूर्ण फुलतंच असं नाही. दोन-तीन वेळा मान तेवढी साइझ करून वापरलेली आणि बोल्टला किंचित लागायला लागलेली पुंगळी खरा आकडा देते.

आता मुख्य गोष्ट. ती समजली की निम्मी कोडी आपोआप सुटतात.

डाय पुरेशी खाली नसेल तर खांदा मागे जात नाही, हे कुणालाही पटतं. पण तो *पुढे* जातो, हे पटायला मोजून बघावं लागतं. पुंगळी डायमध्ये शिरते तेव्हा आधी अंग आवळलं जातं. डायचा खांदा पुंगळीच्या खांद्याला अजून टेकलेलाच नसतो. आवळलेल्या पितळेनं जायचं कुठे? मागे शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) आहे, म्हणून ते पुढे सरकतं. पिठाचा गोळा मुठीत आवळल्यावर वरून बाहेर येतो, तसंच. माझ्या रायफलीतून उडालेली पुंगळी १.६२९ दाखवत होती. डाय अर्धवट खाली ठेवून तीच साइझ केली तर १.६३२. साइझ करून पुंगळी लांब झाली! त्या दिवशी कॅलिपरच बिघडला असं मला वाटलं होतं.

म्हणूनच "मी पितळेला जपावं म्हणून डाय थोडी वर ठेवतो" म्हणणाऱ्यांचाच बोल्ट सर्वांत घट्ट बसतो. ही चढ सामान्य आहे. डाय पाच-पाच अंशांनी खाली आणत राहा, दर वेळी नवी पुंगळी घ्या आणि मोजा. आकडा आधी वाढतो, एका जागी थांबतो आणि मग पटापट उतरायला लागतो. तो उडालेल्या पुंगळीच्या आकड्यापेक्षा दोन थाऊ खाली, माझ्या बाबतीत १.६२७ वर, आला की डायचा नट घट्ट करा. नट घट्ट करताना शेल होल्डरनं डायला खालून दाबून धरलेलं असू द्या, नाहीतर आट्यांतली ढील सेटिंग बिघडवते. डायच्या डब्यातल्या कागदावर बहुधा असं छापलेलं असतं: शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली आणा आणि वर आणखी पाव फेरा द्या. ती सूचना जगातल्या प्रत्येक चेंबरमध्ये जाईल अशी पुंगळी करण्यासाठी आहे. तुमचं चेंबर एकच आहे.

हे सगळं करूनही काही पुंगळ्या बरोबर आणि काही दोन-तीन थाऊ लांब येत असतील, तर संशयित नंबर एक म्हणजे डायच्या मधल्या दांड्यावरचा एक्सपांडर, मान आतून मापात रुंद करणारा तो गोल मणी. प्रेसचं (डाय ज्यात बसते त्या दाबयंत्राचं) हँडल वर नेताना पुंगळी त्या मण्यावरून ओढली जात बाहेर येते. मान आतून कोरडी असेल तर मणी किंचाळतो. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. नुकताच मागे सारलेला खांदा मणी पुन्हा पुढे ओढतो. खात्री करायची असेल तर दांडा काढून टाका आणि पाच पुंगळ्या साइझ करून मोजा. मग दांडा परत लावून आणखी पाच. फरक दिसला तर चोर सापडला. उपाय सोपा आहे: मानेच्या आत ब्रशनं अभ्रकाची किंवा ग्रॅफाइटची कोरडी पूड लावायची. मी पुढे जाऊन मणी काढूनच टाकला आणि मानेसाठी बुशिंगची (मान किती आवळायची ते बदलता येणारी) डाय घेतली, पण नव्यानं सुरू करणाऱ्याला तो खर्च लगेच करायची गरज नाही.

आणि दोन-तीन खेपांनी परत येणारं दुखणं? ते पितळेच्या स्वभावातून येतं.

काडतुसाचं पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. ते जितकं वाकवाल, ठोकाल, आवळाल तितकं कडक होत जातं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम करणारे कारागीर तांब्याचं भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत का घालतात, हे ज्यानं लहानपणी उभं राहून पाहिलं असेल त्याला मी काही नवीन सांगत नाही. ठोकून कडक झालेला धातू तापवला की पुन्हा नरम होतो, नाहीतर तडकतो. पुंगळीची मान आणि खांदा दर खेपेला फुगतात आणि आवळले जातात, म्हणजे ते एक प्रकारचं ठोकणंच. कडक झालेलं पितळ डायमधून बाहेर आल्यावर स्प्रिंगसारखं परत फुलतं. डाय त्याच जागी असते, पण पहिल्या खेपेला जिथे दोन थाऊ मिळत होते तिथे चौथ्या खेपेला अर्धा थाऊ मिळतो. बोल्ट घट्ट, आणि दोष डायच्या माथी.

यावर डाय आणखी खाली आणणं हा तात्पुरता इलाज. खरा इलाज म्हणजे मान आणि खांदा तापवून नरम करणं, ज्याला इथे ॲनीलिंग म्हणतात. मी दर तीन खेपांनी करतो. मानेच्या आत साडेसातशे अंश फॅरनहाइटला वितळणारा टेम्पिलॅक नावाचा तापमानदर्शक रंग लावायचा, बारीक ज्योत मान आणि खांद्याच्या सांध्यावर धरायची, पुंगळी फिरवत राहायची आणि टेम्पिलॅक वितळला की लगेच बाजूला करायची. खोली अंधारी ठेवावी. पितळ लालभडक झालं तर ते वाया गेलं, ती पुंगळी फेकून द्यावी. आणि बूड कधीही, कोणत्याही कारणानं तापू द्यायचं नाही. बुडाचा कडकपणाच तो सगळा दाब तुमच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर अडवून धरतो. पुंगळ्या ताटलीत उभ्या करून ओव्हनमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्यात पुंगळी सगळीकडून सारखी तापते, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे.

ॲनील केल्यावर डाय पुन्हा मोजून लावा, कारण नरम पितळ त्याच सेटिंगला जास्त मागे जातं. हे विसरलं तर खांदा पाच-सहा थाऊ मागे गेलेला सापडेल आणि उलट्याच रोगाला सुरुवात होईल. त्याबद्दल पुढे लिहितो.

प्रेसबद्दल थोडंसं. लोखंडी असली तरी प्रेस जोराखाली ताणली जातेच. हँडल पूर्ण खाली असताना डाय आणि शेल होल्डर यांच्यात उजेड दिसत असेल तर प्रत्येक पुंगळीच्या कडकपणावर आणि वंगणावर ती फट कमीजास्त होत राहते, आणि खांदाही. मी दोन गोष्टी करतो. हँडल खाली गेल्यावर तीन-चार सेकंद तसंच धरून ठेवतो, म्हणजे पितळ परत फुलण्याचं प्रमाण घटतं आणि सगळ्या पुंगळ्या एकसारख्या येतात. दुसरं, रेडिंग कंपनीचे जाड शेल होल्डर. पाचांचा संच मिळतो, दोन ते दहा थाऊंपर्यंत, दोन-दोनच्या टप्प्यानं. त्यामुळे डाय शेल होल्डरवर घट्ट दाबून बसवता येते, फट राहत नाही, तरी खांदा हवा तेवढाच मागे जातो. माझ्या दहा पुंगळ्यांतला फरक तीन थाऊंवरून एकावर आला तो प्रामुख्यानं या संचामुळे. पैसे कुठे खर्च करावेत असं कुणी विचारलं तर मी आधी कंपॅरेटर आणि मग हा संच सांगतो.

वंगण अंगाला पातळ आणि सगळीकडे सारखं, बोटांच्या टोकांनी. खांद्यावर नाही, कारण तिथे साठलेल्या वंगणाला डायमध्ये जायला वाट नसते आणि ते पितळेत खळगा पाडतं. स्प्रे वापरत असाल तर त्यातलं अल्कोहोल उडून जाईपर्यंत दहा मिनिटं थांबा. घाई केली की पुंगळी डायमध्ये अडकते. अडकली तर हँडलवर लोंबकळू नका, शेल होल्डर बुडाचा काठ फाडून सुटून येईल. दांडा आणि पिन शक्य तितकी वर घ्या, प्रायमरच्या भोकातून सात नंबरच्या ड्रिलनं छेद करा, पाव इंच वीस आट्यांचा टॅप मारा आणि बोल्ट घालून ओढून काढा. याचा तयार संच मिळतो आणि तो घरात असलेला बरा.

बोल्ट घट्ट बसतो आहे पण खांद्याचा आकडा बरोबर आहे, असंही होतं. मग पुंगळी मार्करनं काळी करा, बोल्टमधून फायरिंग पिन काढून ठेवा, रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट हलकेच बंद करा आणि बाहेर काढून बघा. प्रायमर नाही, दारू नाही, भरलेलं काडतूस तर मुळीच नाही, हे पाळायचंच. शाई मानेच्या टोकाला घासली गेली असेल तर पुंगळी लांब झाली आहे. कमाल लांबी २.०१५ इंच, कापून २.००५ वर आणतात. साइझिंगनं पितळ पुढे वाहतं, म्हणून लांबी साइझिंगच्या नंतरच मोजायची. लांब मान चेंबरच्या टोकाला चिमटून बसली तर गोळी सुटायला अडते आणि दाब धोकादायक वाढतो, तेव्हा हा मुद्दा नुसत्या सोयीचा नाही. शाई बुडाच्या वरच घासली गेली असेल तर पितळ बहुधा दुसऱ्या कुणाच्या रायफलीतलं आहे. रेंजवर मिळणाऱ्या लष्करी ७.६२ च्या पुंगळ्यांमध्ये हे हमखास दिसतं. त्या मशीनगनच्या सैल चेंबरमधून आलेल्या असतात. त्यांना एकदा स्मॉल बेस डायमधून, म्हणजे बुडाजवळ जास्त आवळणाऱ्या डायमधून, काढावं लागतं. त्यांच्या भिंतीही बऱ्याचदा जाड असतात, म्हणजे आत जागा कमी, म्हणून दारूचं प्रमाण मॅन्युअलच्या अगदी खालच्या टोकापासून नव्यानं ठरवावं. मी आता परकं पितळ उचलतच नाही.

आता उलटा रोग. तो बोल्टला कळत नाही, म्हणून जास्त वाईट. डाय फार खाली, खांदा आठ थाऊ मागे, बोल्ट लोण्यासारखा बंद होतो आणि माणूस खूश. पण फायरिंग पिनच्या धक्क्यानं पुंगळी पुढे जाते, तिचं पातळ पुढचं अंग दाबानं भिंतीला चिकटून बसतं आणि जाड बूड तेवढं मागे बोल्टपर्यंत सरकतं. हे अंतर भरून काढायला पितळ ताणलं जातं ते एकाच जागी, बुडाच्या जाडीच्या थोडं वर. दर खेपेला तिथे आतून खाच पडत जाते. चार-पाच खेपांत पुंगळी तिथेच दुभंगते, पुढचा भाग चेंबरमध्ये राहतो आणि तापलेला वायू मागे येऊ शकतो. चष्मा न घालता नेम धरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

साफसफाईबद्दल एक सूचना, कारण आपल्या घरांत पितळ चमकवायची हौस असते. अमोनिया असलेलं पॉलिश पुंगळ्यांना कधीही लावू नका. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की धातू फुटतो, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं. साइझ केलेल्या पुंगळीतही तसाच ताण असतो. गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, पाच-दहा मिनिटं, मग भरपूर पाणी, एवढं पुरे. आंबट पाण्यात रात्रभर ठेवलेलं पितळ गुलाबी पडतं, म्हणजे त्यातलं जस्त निघून जायला लागलेलं असतं.

टेक्सासच्या मित्राचं पुढे काय झालं ते सांगतो. कंपॅरेटर आल्यावर त्यानं दहा पुंगळ्या मोजल्या. साइझ केलेल्या पुंगळ्या उडालेल्यांपेक्षा एक ते चार थाऊ लांब होत्या. डाय अर्धवट वर होती, मानेच्या आत पूड नव्हती आणि पितळ सात वेळा उडालेलं, एकदाही न तापवलेलं. तिन्ही कारणं एकत्र. पितळेचं वय बघून मी त्याला आधी ताणलेल्या पुंगळ्या बाजूला काढायला सांगितलं, कारण मधल्या काळात त्यानं डाय बरीच वरखाली केली होती. कागदाची क्लिप सरळ करायची, टोकाला नखाएवढा काटकोन द्यायचा, ते टोक पुंगळीत बुडापर्यंत घालायचं आणि भिंतीला दाबून हळूहळू वर ओढायचं. चांगल्या पुंगळीत ते सरळ घसरत येतं, ताणलेलीत बुडाच्या थोडं वर खाचेत अडखळतं. त्याच्या पन्नासपैकी नऊ अडखळल्या. त्या नऊंच्या माना त्यानं पकडीनं चेपून टाकल्या, म्हणजे चुकूनही पुन्हा भरल्या जाणार नाहीत.